पहिला स्वेटर विणताना: व्ही गळ्याचा, बिनबाह्यांचा, दिवाळीच्या थंडीपुरता

आपल्याकडची शरदातली थंडी सकाळी सातला असते आणि अकराला नसते. पूर्ण बाह्यांचा जाड स्वेटर घालून बाहेर पडलं की दुपारी तो हातावर घेऊन फिरावं लागतं. म्हणून पहिला स्वेटर बिनबाह्यांचा विणावा. शर्टावर किंवा कुर्त्यावर घालायचा, अंगाला ऐसपैस, उंचीला थोडा आखूड, अशी त्याची सध्याची फॅशन आहे आणि नवशिक्याच्या ती पथ्यावर पडते. ऐसपैस कपड्यात एक-दोन सेंटिमीटरची चूक खपून जाते, आणि बाह्या नसल्यामुळे बाही मुंढ्यात (खांद्याखाली हात घालायच्या कापात) बसवण्याचं सगळ्यात किचकट काम वाचतं.

इथे दिलेला स्वेटर दोन सपाट तुकड्यांत होतो, पाठ आणि पुढचा भाग. सुलट टाका, उलट टाका, टाके घालणं आणि टाके बंद करणं एवढं येत असलं की पुरे. एवढंही येत नसेल तर उरलेल्या लोकरीवर तीन-चार संध्याकाळी हात बसवून घ्या. ते वाचून येत नाही, कुणाचे तरी हात बघावे लागतात.

वेळेचा अंदाज आधीच घ्या. या स्वेटरात साधारण ३३ हजार टाके आहेत. नवा हात मिनिटाला वीसेक टाके विणतो, म्हणजे २८ तास. रोज तासभर बसलात तर महिना. घटस्थापनेला टाके घातलेत तर लक्ष्मीपूजनापर्यंत बरोबर एक महिना मिळतो. मधले फराळाचे दिवस मात्र त्यातून वजा करा.

लागणारं सामान

- मध्यम जाडीची लोकर, ३०० ग्रॅम. विकत घेताना ३५० ग्रॅम
- ४ मिमी सुयांची जोडी (आपल्याकडचा ८ नंबर)
- ३.२५ मिमी सुयांची जोडी (१० नंबर), बॉर्डर आणि पट्ट्यांसाठी
- बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची शिवणाची सुई. दाभण चालणार नाही, त्याचं टोक लोकर चिरतं
- क्रोशाची एक सुई, सुटलेले टाके उचलायला
- मेजर टेप, सेफ्टी पिना, दुसऱ्या रंगाचा थोडा दोरा
- वही आणि पेन्सिल. फोनवर नोंद ठेवू नका, हातात सुया असताना फोन उघडणं होत नाही

## १. लोकर निवडणं

दुकानात ‘लोकर’ म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा शंभर टक्के ऍक्रिलिक असतं. त्यात वाईट काही नाही. ते स्वस्त असतं, टोचत नाही, मशीनमध्ये धुता येतं. वर्धमान, ओसवाल अशा लुधियान्याच्या कंपन्यांची लोकर दुकानांत सहज मिळते, आणि पहिल्या स्वेटरला ती उत्तम. फक्त लेबल वाचून घ्या. ऍक्रिलिक आणि खरी लोकर यांना धुताना वेगवेगळी वागणूक द्यावी लागते.

पुण्या-नाशिकच्या सकाळींना ऍक्रिलिक किंवा लोकर-ऍक्रिलिक मिश्रण पुरतं. मुंबई-गोव्यात सुती-ऍक्रिलिक मिश्रण बरं. निव्वळ सुती धागा पहिल्या वेळी टाळा. तो जड असतो, त्याला ताण नसतो, त्यामुळे बॉर्डर सैल पडते आणि स्वेटर स्वतःच्याच वजनाने खाली ओघळतो. परदेशात राहत असाल आणि स्वेटर कोटाच्या आत घालायचा असेल तर मेरिनो लोकर घ्या. पैसे जास्त जातील, पण ऊब आणि टाक्यांचा उठाव दोन्ही वेगळेच.

लेबलवर एक छोटा चौकोन छापलेला असतो. त्यात १० सेंमीमध्ये किती टाके बसतात ते आणि सुईची जाडी दिलेली असते. तुम्हाला २२ टाके आणि ४ मिमी असं लिहिलेली लोकर हवी आहे. ‘प्लाय’च्या आकड्यावर विसंबू नका. प्लाय म्हणजे किती पदर एकत्र पिळलेत एवढंच, आणि चार जाड पदर आठ बारीक पदरांहून जाड भरू शकतात.

लेबलवर रंगाचा नंबर असतो, तसाच लॉट नंबरही असतो. सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्या. एकाच रंगाच्या दोन लॉटमधला फरक दुकानाच्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही, अंगावर चढवून उन्हात आलं की छातीवर आडवी रेघ दिसते. म्हणूनच ५० ग्रॅम जास्त घ्यायचे. न उघडलेला गुंडा दुकानदार परत घेतो का, ते आधीच विचारून ठेवा.

रंग फिका किंवा मध्यम घ्या. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत रात्रीच्या दिव्याखाली टाके दिसत नाहीत, आणि तुम्ही विणणार आहात ते बहुधा रात्रीच. मोहरीचा पिवळा, विटकरी, पिस्ता, राखाडी हे रंग शर्टावर खुलतात आणि टाकेही मोजता येतात. केसाळ किंवा गाठींची फॅन्सी लोकर नको. ती उसवता येत नाही, आणि तुम्हाला उसवावं लागणार आहे.

## २. सुयांचे नंबर

आपल्याकडच्या सुयांवर बहुतेक वेळा जुन्या ब्रिटिश पद्धतीचा नंबर असतो. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर ४ मिमी, १० नंबर ३.२५ मिमी. अमेरिकी नंबर याच्या उलट चालतो, नंबर वाढला की सुई जाड. अमेरिकी ८ नंबर म्हणजे ५ मिमी. नेटवरून उतरवलेल्या अमेरिकी नमुन्यात ‘८ नंबर’ वाचून इथल्या दुकानातून ८ नंबर आणली तर स्वेटर एक-दोन मापांनी लहान होतो. यावर उपाय एकच: नंबर विसरा, मिलिमीटर विचारा. सुईवर मिमी छापलेले नसतील तर ती व्हर्नियरने किंवा सुया मोजायच्या भोकांच्या पट्टीने मोजून घ्या.

सरळ सुया ३५ सेंमी लांबीच्या पुरतात. मनगट लवकर दुखत असेल तर ८० सेंमीची गोल सुई घ्या आणि तिच्यावरही सपाटच, मागे-पुढे विणा. स्वेटराचं वजन मग मांडीवर राहतं.

जाणत्या बायका ओळीलाच ‘सुई’ म्हणतात. ‘वीस सुया झाल्या’ म्हणजे वीस ओळी. कुणाला विचारायला गेलात तर गोंधळू नका.

## ३. नमुन्याचा तुकडा

हा टप्पा सगळे गाळतात आणि स्वेटर बिघडतो तो इथेच.

४ मिमी सुईवर ३२ टाके घाला. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा ४० ओळी विणा आणि सैलसर बंद करा. तुकडा धुवा, सपाट पसरून सुकवा. मग कडा सोडून मधल्या भागात १० सेंमी रुंदीत किती टाके आणि १० सेंमी उंचीत किती ओळी बसतात ते मोजा. हवेत २२ टाके आणि ३० ओळी.

एक-दोन टाक्यांनी काय होतंय, असं वाटेल. हिशोब करून बघा. या स्वेटराच्या एका तुकड्यात शिवणीचे दोन सोडून ११२ टाके आहेत. १० सेंमीत २२ टाके असतील तर स्वेटराचा घेर १०२ सेंमी होतो. २४ भरले तर ९३. २० भरले तर ११२. फरक दोनच टाक्यांचा, पण ९० छातीच्या बाईला पहिला ऐसपैस बसेल, दुसरा अंगाला चिकटेल आणि तिसरा नवऱ्याला होईल.

टाके जास्त भरले तर अर्धा मिलिमीटर जाड सुई घ्या, कमी भरले तर बारीक. हात घट्ट किंवा सैल करून जमवायला जाऊ नका. तो निर्धार दहा ओळी टिकतो, मग हात आपल्या वळणावर जातो. टाके बरोबर आले आणि ओळी २८ किंवा ३२ भरल्या तर चालेल, तिथे ओळींऐवजी सेंटिमीटर धरा.

## ४. आपलं माप

पुढच्या टप्प्यांतले आकडे ९० ते ९२ सेंमी छातीसाठी आहेत. तयार घेर १०२ सेंमी, उंची साधारण ५२ सेंमी.

छाती ८० ते ८२ असेल तर: १०२ टाके घाला, मुंढ्याला दोन्हीकडे ६ बंद करा, मग दोन्हीकडे ८ वेळा घटवा, उरतील ७४. त्यात खांदे १८-१८, गळा ३८. मुंढ्याच्या एकूण ओळी ६२.

छाती १०० ते १०२ असेल तर: १२६ टाके, बंद ८-८, घट १२ वेळा, उरतील ८६. खांदे २२-२२, गळा ४२. मुंढ्याच्या ओळी ७२. लोकर ५०-६० ग्रॅम जास्त लागेल.

सुरू करण्यापूर्वी आपल्या मापाचे आकडे वहीत एका पानावर लिहून काढा. मध्येच उठून परत आल्यावर तुम्ही कुठल्या मापाचा आकडा वाचत होता ते आठवत नाही.

## ५. टाके घालणं आणि बॉर्डर

बारीक सुईवर (३.२५ मिमी) अंगठ्यावरच्या पद्धतीने ११४ टाके घाला. या पद्धतीत शेपटाचा धागा आधी सोडून ठेवावा लागतो. ११४ टाक्यांना सव्वादोन मीटर लागतो, अडीच सोडा. उरलेलं शेपूट पुढे बाजू शिवायला कामी येतं. ११० टाके झाले आणि धागा संपला, हे होतंच. तेव्हा गाठ मारून जोडू नका, काढा आणि पुन्हा घाला.

दर वीस टाक्यांनंतर दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याचं छोटं कडं सुईत अडकवा. मोजताना १, २, ३ पासून सुरुवात करावी लागत नाही.

बॉर्डर एक सुलट, एक उलट. टाके सम आहेत, त्यामुळे प्रत्येक ओळ सुलटने सुरू होते आणि उलटने संपते, दोन्ही बाजूंनी. अशा २० ओळी, साधारण ६ सेंमी.

बॉर्डरीत नवा हात एक चूक नक्की करतो. सुलट टाक्याला धागा सुईच्या मागे हवा, उलट टाक्याला पुढे. धागा दोन सुयांच्या मधून न्यायचा असतो. तो सुईवरून गेला की सुईवर एक जादा फास बसतो, पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो आणि खाली भोक राहतं. पहिल्या सहा ओळी दर ओळीला टाके मोजा. ११५ किंवा ११६ भरले तर याचसाठी.

दुसरी चूक ओळीच्या सुरुवातीला होते. धागा मागे ओढून सुईवरून गेलेला असला की पहिला टाका दोन पायांचा दिसतो आणि दोनदा विणला जातो. ओळ सुरू करण्यापूर्वी धागा सुईच्या खाली घ्या.

## ६. पाठ

जाड सुई (४ मिमी) घ्या. दर्शनी बाजूने सगळे सुलट, आतल्या बाजूने सगळे उलट. अशा ७२ ओळी. बॉर्डर धरून ९२ ओळी आणि साधारण ३० सेंमी उंची होईल.

या टप्प्यात शिकायचं काही नसतं, कंटाळा मात्र खूप. नव्या हाताची लय इथेच बसते. तुकड्याच्या कडा गुंडाळल्या जातील, तो या विणीचा स्वभावच आहे, शिवल्यावर त्या बसतात. उलट ओळी सुलट ओळींपेक्षा सैल पडून आडवे पट्टे दिसायला लागले तर उलट ओळीसाठी पाव मिलिमीटर बारीक सुई वापरून बघा.

ओळीच्या मध्येच ठेवू नका. ठेवावंच लागलं तर परत घेताना ज्या सुईवरच्या शेवटच्या टाक्यातून धागा लोंबतोय ती उजव्या हातात. उलट धरलीत तर अर्ध्या ओळीतून मागे फिरता आणि एका कडेला दोन ओळी जास्त होतात.

नवा गुंडा ओळीच्या सुरुवातीलाच जोडा, १५ सेंमी शेपूट सोडून. मधोमध जोडलेली गाठ काही धुण्यांनी दर्शनी बाजूला डोकं काढते. राहिलेला धागा तुकड्याच्या रुंदीच्या चौपट नसेल तर ती ओळ सुरूच करू नका.

उंची मोजताना तुकडा टेबलावर सपाट ठेवा. सुईला लोंबता ठेवून मोजला तर दोन सेंटिमीटर जास्त भरतो. आणि ओळी वहीत लिहा. पाठ आणि पुढचा भाग सेंटिमीटरने जुळवायचे नसतात, ओळींनी जुळवायचे असतात.

## ७. मुंढा

आता दर्शनी बाजू समोर.

ओळ १: पहिले ७ टाके बंद करा, उरलेले सुलट.
ओळ २: पहिले ७ टाके बंद करा, उरलेले उलट. आता १०० टाके.
ओळ ३: एक सुलट, पुढचा टाका न विणता उजव्या सुईवर घ्या, त्याच्यापुढचा सुलट विणा आणि न विणलेला टाका त्याच्यावरून ओलांडून टाका, शेवटचे तीन टाके राहीपर्यंत सुलट, दोन टाके जोडून सुलट, एक सुलट. ९८ टाके.
ओळ ४: सगळे उलट.

ओळ ३ आणि ४ अशा एकूण १० वेळा. ८० टाके उरतील आणि मुंढ्याच्या २२ ओळी झालेल्या असतील.

सुरुवातीची घट डावीकडे कलते, शेवटची उजवीकडे. म्हणून मुंढ्याच्या कडेला समांतर, रेखीव रेघ उमटते. दोन्हीकडे एकच प्रकार वापरला तरी स्वेटर होतो, पण एका बाजूला घट दातऱ्या दिसतात आणि शर्टावर त्या नेमक्या डोळ्यांत भरतात.

यापुढे पाठीला काही घटवायचं नाही. मुंढ्याच्या एकूण ६६ ओळी होईपर्यंत सरळ विणा, म्हणजे आणखी ४४.

खांदा: पुढच्या चार ओळींत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला १० टाके बंद करा. दोन्हीकडे दोन-दोन पायऱ्या पडतील आणि मधले ४० टाके उरतील. ते बंद करू नका. दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यात ओवून गाठ मारून ठेवा.

## ८. पुढचा भाग आणि व्ही गळा

बॉर्डरीपासून मुंढ्याच्या २२ व्या ओळीपर्यंत पुढचा भाग पाठीसारखाच. बऱ्याच तयार नमुन्यांत मुंढा आणि गळा एकदमच सुरू होतात. एकाच ओळीत दोन वेगळ्या घटी सांभाळताना नवशिके हमखास हरवतात. इथे मुंढ्याची घट संपल्यावरच गळा सुरू होतो, म्हणजे एका वेळी एकच हिशोब. गळा त्यामुळे थोडा वर, साधारण १५ सेंमी खोल येतो. शर्टाची कॉलर त्यातून नीट दिसते.

सुईवर ८० टाके आहेत. ४० विणा, उरलेले ४० दोऱ्यात ओवून ठेवा. आधी एकच खांदा पुरा करायचा.

पहिली बाजू: प्रत्येक दर्शनी ओळीच्या शेवटी तीन टाके राहिले की दोन जोडून सुलट, एक सुलट. आतल्या ओळी उलट. असं २० वेळा, म्हणजे ४० ओळी. २० टाके उरतील. मग ४ ओळी सरळ. (वाटून घेतलेली पहिली ओळसुद्धा घटीचीच आहे, हे विसरू नका.) खांद्याला दर्शनी ओळीच्या सुरुवातीला १० बंद, एक ओळ उलट, मग उरलेले १० बंद.

दुसरी बाजू: ठेवलेले ४० सुईवर घ्या आणि गळ्याच्या कडेला नवा धागा जोडा. आता घट दर्शनी ओळीच्या सुरुवातीला: एक सुलट, एक न विणता घ्या, एक सुलट, ओलांडून टाका. तशाच २० वेळा, मग ४ ओळी सरळ. खांद्याची पहिली बंद करायची ओळ इथे आतल्या बाजूने येते, त्यासाठी आधी एक ओळ जादा सुलट विणावी लागते. ते बरोबर आहे.

दर घटीला वहीत एक रेघ मारा, पाच रेघांचा एक गठ्ठा. चार गठ्ठे भरले की गळा झाला. एखादी घट राहून गेली तर खांद्याला २० ऐवजी २१ टाके उरतील. तिथे गुपचूप एक टाका जोडून टाका, कुणाला दिसत नाही. तीन-चार जास्त उरले तर मात्र उसवा. गळ्याच्या दोन बाजू वेगळ्या कलाच्या दिसतील.

## ९. शिवण्याआधी मापाला लावणं

दोन्ही तुकडे कोमट पाण्यात बुडवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढा. पिळू नका. जाड चादरीवर पसरून माप लावा: रुंदी ५१ सेंमी, मुंढ्यापर्यंत ३० सेंमी. कडांना पिना लावा, पण बॉर्डर ताणू नका, तिचं आवळणं राहू द्या. सावलीत पूर्ण सुकू द्या.

ऍक्रिलिकला इस्त्री लावू नका. वाफेच्या इस्त्रीने ते एकदा सपाट झालं की त्याचा उठाव परत येत नाही, पापडासारखं पडून राहतं. खऱ्या लोकरीला ओल्या सुती कापडावरून हलकी वाफ चालते.

## १०. एक खांदा, गळ्याची पट्टी, मग बाकीचं

सरळ सुयांवर काम करताना क्रम महत्त्वाचा. सगळं शिवून बसलात तर पट्ट्या विणायला सुई फिरणार नाही.

आधी घालणाऱ्याच्या उजव्या खांद्याची शिवण, दर्शनी बाजूने, टाक्याला टाका जुळवून, २० ला २०.

मग बारीक सुईने, दर्शनी बाजू समोर ठेवून, न शिवलेल्या डाव्या खांद्यापासून टाके उचला: गळ्याच्या डाव्या बाजूने खाली ३८, टोकाशी दोन बाजूंच्या मधला आडवा धागा पीळ देऊन उचलून १, उजव्या बाजूने वर ३८, आणि पाठीचे ४० त्यात एक वाढवून ४१. एकूण ११८. टोकाच्या टाक्याला सेफ्टी पीन लावून ठेवा. उचलताना साधारण पाच ओळींमागे चार टाके येतात. कड चार भागांत पिनांनी वाटून घेतली तर अंदाज चुकत नाही. जास्त टाके उचलले तर पट्टी झालरीसारखी उभी राहते, कमी उचलले तर गळा चुरगळतो.

पहिली ओळ आतल्या बाजूने: एक सुलट, एक उलट. टोकाचा टाका इथे उलट यायला हवा. दर्शनी ओळीत टोकाच्या टाक्याआधी एक टाका राहिला की थांबा. तो आणि टोकाचा टाका असे दोन्ही एकत्र, सुलट विणल्यासारखी सुई घालून, न विणता घ्या. पुढचा सुलट विणा. दोन्ही त्याच्यावरून ओलांडून टाका. बाकीचे टाके जसे दिसतात तसे. दर दर्शनी ओळीला हे करायचं. त्याने व्हीच्या टोकाला मधोमध उभा कणा येतो. ७ ओळींनंतर ४ मिमी सुईने सैलसर बंद करा, त्या ओळीतही टोकाची घट घ्या. घट्ट बंद केलेला गळा डोक्यातून जात नाही, आणि गेला तर धागा तुटतो.

आता डावा खांदा आणि पट्टीची टोकं शिवा.

मुंढ्याच्या पट्ट्या बाजू शिवण्याआधीच: बंद केलेले ७, कडेने वर ४८, पलीकडे खाली ४८ आणि ७, असे ११० टाके उचला. चार ओळींमागे तीन. एक सुलट एक उलट ६ ओळी, सैलसर बंद.

शेवटी बाजू, बॉर्डरीकडून वर. दोन्ही तुकडे दर्शनी बाजूने शेजारी ठेवा. कडेचा टाका आणि त्याच्या आतला टाका यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतील. एकदा इकडची पायरी, एकदा तिकडची. दहा-बारा पायऱ्या झाल्या की धागा हलका ओढा, शिवण मिटून जाईल. दोन्हीकडे ९२ ओळी आहेत, म्हणून शिवण मुंढ्याशी बरोबर भेटते. भेटली नाही तर वहीत बघा, कुठल्यातरी तुकड्यात ओळी चुकल्या आहेत. दोन ओळींचा फरक शिवताना मुरवता येतो, सहाचा नाही.

## ११. चूक सापडली तर

टाका सुटून खाली पळाला असेल तर घाबरू नका. दर्शनी बाजूने क्रोशाची सुई त्या फासात घाला, वरची आडवी पायरी त्यातून ओढा, मग त्याच्या वरची, आणि टाका सुईवर परत द्या. तोपर्यंत त्याला सेफ्टी पिनेत धरून ठेवा.

टाका पिळलेला दिसतोय का ते बघा. प्रत्येक टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढे हवा. उसवून टाके परत सुईवर घेताना निम्मे उलटे बसतात. ते पुढच्या ओळीत मागच्या पायातून विणले की सरळ होतात.

पाच-सात ओळी खाली चूक असेल तर चुकीच्याही एक ओळ खाली, प्रत्येक टाक्याच्या उजव्या पायातून बारीक सुई ओवून घ्या आणि मग बिनधास्त उसवा. उसवणं त्या सुईपाशी येऊन आपोआप थांबतं. चूक कुठे आहे ते विचारताच आपलं मन ‘दिसणार नाही’ म्हणतं. स्वेटर हातभर लांब धरून बघा. तिथून दिसली तर उसवायची, नाही तर पुढे चला.

## १२. धुणं आणि ठेवणं

ऍक्रिलिक मशीनमध्ये जाळीच्या पिशवीतून, गार पाण्यात. खरी लोकर हातानेच, कोमट पाण्यात, लोकरीच्या लिक्विडने. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की लोकर आटून नमद्यासारखी (दाबून केलेल्या जाड लोकरी कापडासारखी) होते, मग काही करता येत नाही. दोन्ही प्रकार सपाट सुकवा. दोरीवर टाकले तर खांद्याला टोकं येतात.

हँगरला लावू नका, घडी घाला. खरी लोकर ठेवताना आधी धुऊनच ठेवा, कसर (लोकर खाणारी कीड) घामाच्या आणि अन्नाच्या डागांकडे आधी वळते. डांबरगोळ्या सुती कापडात बांधून ठेवा, थेट लोकरीवर नको. उरलेली लोकर लेबलासकट त्याच घडीत घाला. कोपर नाही तरी खिशाच्या किल्लीने भोक पडतंच, तेव्हा त्याच लॉटचा धागा बाजारात मिळत नाही.